वाक्यशुद्धीचे प्रश्न : विशेषण नेमकं कुणाचं आणि ‘-ऊन’चा कर्ता कोण?

गोदाकाठ
सोमवार, रात्री ११:४०

नमस्कार मंडळी.

लोकसेवा आयोगाच्या संयुक्त परीक्षेची तयारी करतेय. मूळची परभणी जिल्ह्यातली, दीड वर्षापासून पुण्यात अभ्यासिकेत बसते. मराठी व्याकरणात समास, प्रयोग, वृत्तं यांत माझे गुण जात नाहीत. जातात ते वाक्यशुद्धीत, आणि तेही ऱ्हस्व-दीर्घापायी नव्हे. साहित्य महामंडळाचे १९६२ चे १४ आणि १९७२ चे ४ असे १८ नियम पाठ आहेत. घोडं अडतं ते शब्दांच्या जागेवर. शब्द सगळे शुद्ध, विभक्ती बरोबर, तरी वाक्य चूक. कारण विशेषण भलत्याच नामाला चिकटलंय, किंवा ‘करून, येऊन, जाताना’ हे भलत्याच कर्त्याच्या गळ्यात पडलंय.

कालच्या सराव परीक्षेतला हा प्रश्न रात्रभर डोक्यातून गेला नाही:

अर्थदृष्ट्या निर्दोष वाक्य ओळखा.
१) गुरुजी वर्गात येऊन मुले शांत झाली.
२) भिंत कोसळून दोन गुरे दगावली.
३) जुन्या वाड्याच्या दाराला नवे कुलूप लावले.
४) आईने रडत घरी आलेल्या मुलाला जवळ घेतले.

मी २ लिहिलं. उत्तरतालिकेत ३ आहे. स्पष्टीकरण असं: “पर्याय २ मध्ये कोसळते भिंत आणि दगावतात गुरे. दोन क्रियांचे कर्ते वेगळे, म्हणून वाक्य सदोष.”

नियम मलाही माहीत आहे. पण आमच्याकडे दर पावसाळ्यात ‘वीज पडून बैल मेला’ असंच म्हणतात. माझी आजी तसं म्हणते, तलाठी पंचनाम्यात तसं लिहितो, पेपरात तसं छापून येतं. हे सगळे चुकतात का? आणि ३ तरी निर्दोष कसं? जुना वाडा की जुनं दार?

कुणी नीट समजावून सांगेल का? एका प्रश्नाला पाऊण मिनिटाच्या वर देता येत नाही, त्यामुळे चूक पटकन दिसायची काही युक्ती असेल तर तीही सांगा.

---

सांगलीची_हळद
मंगळवार, सकाळी ७:१५

ताई, उत्तरतालिका बरोबर आहे. ‘-ऊन’ लागलेलं धातुसाधित, म्हणजे धातूपासून बनलेलं रूप, आणि मुख्य क्रियापद, दोघांचा कर्ता एकच लागतो. ज्या नियमाने पर्याय १ बाद होतो त्याच नियमाने २ पण बाद होतो. एकाला एक न्याय, दुसऱ्याला दुसरा असं कसं चालेल? बोलण्यात आपण काहीही बोलतो, परीक्षेत नियम लावायचा. मी याच चुकीवर मागच्या वेळी गुण घालवलेत म्हणून कळकळीने सांगतोय. वर चुकीच्या उत्तराला पाव भाग गुण कापले जातात ते वेगळेच.

---

निवृत्त_मास्तर
मंगळवार, सकाळी ९:०५

गोदाकाठ, तुला ‘तू’ म्हटलेलं चालेल ना? माझ्या नातीच्या वयाची असशील. तुझं उत्तर बरोबर आहे. ३४ वर्षं माध्यमिक शाळेत मराठी शिकवलं, आणि उत्तरतालिकेतलं ते स्पष्टीकरण वाचून मला खरोखर वाईट वाटलं. बरोबर मराठी लिहिणाऱ्या मुलीला ते चूक ठरवतंय.

‘-ऊन’ एकच काम करत नाही. पहिलं काम ‘आधी हे, मग ते’. ‘तो घरी येऊन जेवला.’ इथे येणारा आणि जेवणारा एकच लागतो, हळद म्हणतात तो नियम या कामाचा. दुसरं काम कारण सांगायचं: ‘पाऊस पडून रस्ते खचले’, ‘गाडी उलटून दहा जण जखमी झाले’, ‘वीज पडून बैल मेला’. इथे कर्ते वेगळे असतात आणि मराठीला त्यात काही खटकत नाही. तिसरं, ‘ही’ जोडून येणारं: ‘गावकऱ्यांनी तीनदा अर्ज करूनही नळाला पाणी आलं नाही.’ अर्ज गावकऱ्यांचा, येणारं पाणी. शंभर टक्के शुद्ध वाक्य. आणि चौथं, काळ मोजायचं: ‘पाहुणे येऊन दोन दिवस झाले’, ‘लग्न होऊन दहा वर्षं झाली’. दिवस काही पाहुणे म्हणून आले नाहीत, तरी वाक्याला कुणी नावं ठेवणार नाही.

वर्गात फक्त पहिलं काम शिकवलं जातं आणि त्याचा नियम बाकी तिघांवर लादला जातो. तुझी आजी, तलाठी आणि पेपर तिघंही बरोबर आहेत.

पर्याय ३ बद्दल सांगायचं तर विशेषणावर पहिला हक्क शेजारच्या नामाचा. त्यामुळे ‘जुन्या’ बहुतेकजण वाड्याला जोडतील आणि वाक्य चालून जाईल. पण ‘निर्दोष एकच’ असा प्रश्न असेल तर २ हे ३ पेक्षा स्वच्छ आहे. खरं म्हणजे प्रश्नच नीट बेतलेला नाही.

---

सांगलीची_हळद
मंगळवार, सकाळी ९:५०

सर, आदर ठेवून विचारतो. कारण तर पर्याय १ मध्येही आहे. गुरुजी आले म्हणून मुलं शांत झाली. मग तुमच्या दुसऱ्या कामाखाली ते का बसत नाही? तुम्ही म्हणता तसं असेल तर १ पण बरोबर धरावं लागेल.

---

निवृत्त_मास्तर
मंगळवार, सकाळी ११:३०

हळद, प्रश्न अगदी वर्मावर आहे. मला उत्तराआधी अंगणात दोन फेऱ्या माराव्या लागल्या.

ही दोन वाक्यं मोठ्याने म्हणून बघ:
‘पूर येऊन पिकं वाहून गेली.’
‘गुरुजी येऊन मुलं शांत झाली.’

क्रियापद तेच, येणे. दोन्हीकडे कारण आहे. पहिलं जिभेवरून सरळ उतरतं, दुसरं अडखळतं. फरक हा की पूर येणं ही घडणारी गोष्ट आहे. पूर ठरवून येत नाही. वीज पडते, भिंत कोसळते, टायर फुटतो, दोर तुटतो, ताप चढतो. सगळ्या घडणाऱ्या क्रिया. गुरुजी मात्र स्वतः चालत येतात. ठरवून काही करणारा माणूस ‘-ऊन’ला जोडला की मराठी कान लगेच वाट बघतो: बरं, येऊन काय केलं त्यांनी? आणि पुढे भलतेच कुणीतरी शांत झालेले निघतात. तिथे ‘गुरुजी आल्यावर’ किंवा ‘गुरुजी येताच’ म्हणावं लागतं. ‘-ल्यावर’ आणि ‘-ताच’ आपापला कर्ता घेऊन येऊ शकतात, त्यांना मुख्य कर्त्याची उसनवारी लागत नाही.

म्हणून प्रश्नात ‘-ऊन’ दिसलं की दोनदा विचारायचं. ही क्रिया कुणी केली की नुसती घडली? केली असेल तर पुढची क्रियाही त्याचीच आहे का?

---

हेमाडपंती
मंगळवार, दुपारी १:२०

या नियमाचं मूळ फार जुनं आहे. अष्टाध्यायीत ३.४.२१ वर पाणिनीचं सूत्र आहे: ‘समानकर्तृकयोः पूर्वकाले’. दोन क्रियांचा कर्ता समान असेल तर आधीच्या क्रियेला क्त्वा प्रत्यय. गत्वा, कृत्वा, भुक्त्वा म्हणजे आपलं जाऊन, करून, खाऊन. कर्ते वेगळे असले की संस्कृत सतिसप्तमी वापरतं: ‘सूर्ये अस्तं गते’, सूर्य मावळल्यावर. मास्तरांनी ‘-ल्यावर’चा उपाय सांगितला तो त्याच जागेवरचा. मराठीने ‘-ऊन’ला घडणाऱ्या क्रियांपुरती ढील दिली, ती तिची स्वतःची वाट.

इथे एक गोष्ट फार महत्त्वाची आहे. पाणिनीचा ‘कर्ता’ म्हणजे क्रिया करणारा, मग तो कोणत्याही विभक्तीत असो. ‘रामेण भुक्त्वा ग्रामो गम्यते’ या कर्मणी वाक्यात प्रथमेत आहे गाव. पण खाणारा आणि जाणारा दोन्ही राम, म्हणून वाक्य शुद्ध. मराठीत ‘सीतेने घरी येऊन पत्र लिहिलं.’ लिंग-वचन पत्राचं, पण कर्ती सीता. ‘ती बातमी ऐकून मला रडू आलं’ यातही क्रियापद ‘रडू’ला धरून आहे, पण ऐकणाराही मी आणि रडणाराही मीच. असली वाक्यं चूक म्हणून खूण करू नका. क्रियापद कुणाप्रमाणे चालतं हे बघू नका, क्रिया कुणाची आहे हे बघा.

---

अटलांटिकपार
मंगळवार, रात्री ९:१०

हेमाडपंतींनी शेवटी जे लिहिलंय ते मला दहा वर्षांपूर्वी कुणी सांगितलं असतं तर किती बरं झालं असतं.

मी न्यू जर्सीत असते. एमबीएसाठी जीमॅट दिली तेव्हा त्यात वाक्यदुरुस्तीचे प्रश्न असायचे. वाक्याचा काही भाग अधोरेखित, खाली पाच पर्याय, आणि पहिला पर्याय नेहमी मूळ वाक्य जसंच्या तसं. आता ते प्रश्न गेले. नोव्हेंबर २०२३ मध्ये परीक्षेचं नवं रूप आलं त्यात ते नाहीत, आणि जुनं रूप ३१ जानेवारी २०२४ ला बंद झालं. पण बँकांच्या आणि आयोगाच्या इंग्रजीत हीच चूक अजून विचारतात, म्हणून लिहिते.

मी सारखी एकाच जातीच्या वाक्यात फसायचे:
‘हॅविंग फिनिश्ड द होमवर्क, द टीव्ही वॉज स्विच्ड ऑन.’
मला यात चूक दिसायचीच नाही. कारण मनात मराठी चालू असायचं: ‘गृहपाठ संपवून टीव्ही लावला.’ मराठीत हे बिनचूक आहे. संपवणारे आम्ही, लावणारेही आम्ही, ‘आम्ही’ म्हणायचीसुद्धा गरज नाही. इंग्रजीत मात्र सुरुवातीचा तो तुकडा स्वल्पविरामानंतर जो उद्देश्य म्हणून बसला असेल त्यालाच लागतो. तिथे बसलाय टीव्ही. म्हणजे गृहपाठ टीव्हीने केला! दुरुस्ती करायची तर ‘वी स्विच्ड ऑन द टीव्ही’, करणाऱ्याला त्या खुर्चीत आणून बसवायचं.

आपली भाषा करणाऱ्याला शोधते, तो वाक्यात कुठेही असो, नसला तरी. इंग्रजी खुर्ची बघते. हे कळल्यावर माझे त्या भागातले गुण सुधारले.

दुसरा सापळा षष्ठीचा. ‘बॉर्न इन रत्नागिरी इन १८५६, टिळक्स केसरी बिगॅन इन १८८१.’ खुर्चीत टिळक नाहीत, केसरी आहे. म्हणजे रत्नागिरीत जन्मला तो केसरी. गंमत म्हणजे हेच मराठीत लिहिलं, ‘१८५६ साली रत्नागिरीत जन्मलेल्या टिळकांचा केसरी १८८१ साली सुरू झाला’, तर कुणाचाही गोंधळ होत नाही. का होत नाही ते मला नेमकं सांगता येत नाही. मास्तर?

---

निवृत्त_मास्तर
बुधवार, सकाळी ८:४०

‘जन्मलेल्या’मुळे. ‘टिळकांचा’ म्हणताना टिळक सामान्यरूपात, म्हणजे प्रत्ययाआधी बदलणाऱ्या रूपात, गेले, त्यांच्यासोबत ‘जन्मलेला’ही सामान्यरूपात गेला आणि ‘जन्मलेल्या’ झाला. केसरी सरळरूपात आहे. त्याचा जन्म सांगायचा असता तर ‘जन्मलेला टिळकांचा केसरी’ म्हणावं लागलं असतं. विशेषण आपण कुणाचे हे कपाळावर लिहून फिरतं.

---

शब्दपाखरू
बुधवार, सकाळी १०:००

मग ‘शुद्ध गाईचे तूप’चं काय? आमच्या सरांनी पहिल्या दिवशी फळ्यावर हेच लिहिलं होतं. गाय शुद्ध की तूप शुद्ध?

---

निवृत्त_मास्तर
बुधवार, सकाळी ११:१५

‘शुद्ध’च्या कपाळावर काहीच लिहिलेलं नाही, हीच तर अडचण. आकारान्त विशेषणं विकारी, म्हणजे नामाप्रमाणे रूप बदलणारी: ताजा-ताजी-ताजे, मोठा, जुना, काळा. बाकीची अविकारी: शुद्ध, गरम, सुंदर, गरीब, आजारी, प्रसिद्ध.

‘ताज्या उसाचा रस’ म्हणजे ऊस ताजा. ‘ताजा उसाचा रस’ म्हणजे रस ताजा. ‘ताजा’ उसापासून लांब असता तर बरं, पण जवळ असूनही गोंधळ नाही, कारण रूपच वेगळं आहे. तसंच ‘मोठ्या भावाची मुलगी’ आणि ‘मोठी भावाची मुलगी’. दुसरं ऐकायला थोडं ओबडधोबड, ‘भावाची मोठी मुलगी’ जास्त बरं, पण अर्थ पक्का.

आता ‘आजारी शेतकऱ्याचा बैल’ घे. आजारी कोण? ‘आजारी’ दोघांसाठी सारखंच. इथे रूप मदतीला येत नाही, फक्त जागा येते. बैल आजारी असेल तर ‘शेतकऱ्याचा आजारी बैल’ असंच लिहायला हवं.

म्हणून तुझ्या पाऊण मिनिटातली पहिली पाच सेकंदं यावर, गोदाकाठ: विशेषण विकारी की अविकारी? विकारी असेल तर रूप बघ आणि पुढे जा. अविकारी असेल तर थांब.

---

मुद्रितशोधक
बुधवार, दुपारी ४:२५

दोन दिवस धागा वाचतोय, आता राहवत नाही. एका दैनिकात २२ वर्षं मजकूर तपासतो. मास्तरांच्या नियमात एक भोक आहे, आणि आमच्या बातम्यांतल्या निम्म्या चुका त्याच भोकातून येतात असं मला माझ्या टेबलावरून वाटतं.

‘जुन्या शाळेची इमारत’ आणि ‘जुनी शाळेची इमारत’, इथे रूपाने उत्तर मिळतं. पण इमारतीलाही विभक्ती लागली की? ‘जुन्या शाळेच्या इमारतीत मतदान केंद्र.’ शाळाही सामान्यरूपात, इमारतही सामान्यरूपात, आणि ‘जुन्या’ दोघांनाही सारखंच बसतं. विकारी विशेषण असूनही खूण पुसली गेली. गोदाकाठताई, तुमचं ‘जुन्या वाड्याच्या दाराला’ नेमकं तेच आहे. उत्तरतालिका करणाऱ्याने ‘जुना’ विकारी म्हणून निर्धास्त सोडून दिलं असणार.

धातुसाधित विशेषणांचं तसंच. ‘नाशिकहून आलेला डॉक्टरांचा मुलगा’ स्पष्ट. ‘नाशिकहून आलेल्या डॉक्टरांचा मुलगा’ हेही स्पष्ट. ‘नाशिकहून आलेल्या डॉक्टरांच्या मुलाला’ म्हटलं की संपलं. आता वार्ताहराला फोन करून विचारावं लागतं, की बाबा, आलं कोण? म्हणून ‘…च्या …ला’, ‘…च्या …त’, ‘…च्या …ने’ अशी साखळी दिसली आणि तिच्या आधी विशेषण असलं की विकारी-अविकारी न बघता थांबा.

आता माझा जुना दुखरा दात. पोलिसांच्या बातम्या.
‘पोलिसांनी दारू पिऊन गाडी चालवणाऱ्या तरुणाला पकडले.’
लिहिणाऱ्याचा अर्थ सगळ्यांना कळतो. पण ‘पोलिसांनी दारू पिऊन’ हे चार शब्दांच्या आत शेजारी बसलेत आणि वाचणारा क्षणभर ठेचकाळतोच. दुरुस्तीला काही खर्च नाही: ‘दारू पिऊन गाडी चालवणाऱ्या तरुणाला पोलिसांनी पकडले.’ एक शब्द उचलून क्रियापदाजवळ नेला. मराठीत शब्द इकडेतिकडे हलवायची मुभा आहे ती अशा वेळी वापरायची. पर्याय ४ ची दुरुस्तीही तीच: ‘रडत घरी आलेल्या मुलाला आईने जवळ घेतले.’

कालवाचक शब्द तर रोज. ‘मंत्र्यांनी काल सुरू झालेल्या कामाची पाहणी केली.’ काल काम सुरू झालं की काल पाहणी झाली? पाहणी कालची असेल तर ‘सुरू झालेल्या कामाची मंत्र्यांनी काल पाहणी केली’. हे मला बातमी छापायच्या आधी पक्कं करावं लागतं. तारीख चुकली तर उद्या खुलासा छापायची वेळ येते.

आणि अलीकडे एक नवीच रचना वाढलीय: ‘मी ते पुस्तक टेबलावर ठेवले जे काल आणले होते.’ पुस्तक नपुंसकलिंगी, टेबलही नपुंसकलिंगी, ‘जे’ दोघांनाही लागू. ‘काल आणलेले पुस्तक मी टेबलावर ठेवले’ असं आपल्या पद्धतीने आधी सांगितलं तर प्रश्नच उरत नाही. हे ‘जे’ शेपटासारखं मागे लावायची सवय इंग्रजी वाचून लागते, असं माझं मत आहे आणि ते मी तरुण वार्ताहरांना रोज ऐकवतो.

---

निवृत्त_मास्तर
बुधवार, संध्याकाळी ६:००

साखळीचा मुद्दा मान्य. माझ्या वर्गात हा मी कधीच सांगितला नाही, वाक्यं सगळी प्रथमेतलीच घेत आलो. धन्यवाद.

---

हेमाडपंती
बुधवार, रात्री ८:३०

‘शुद्ध गाईचे तूप’वर थोडं. तर्कसंग्रह या न्यायशास्त्रावरच्या संस्कृत ग्रंथात वाक्याचा अर्थ कळायला तीन गोष्टी लागतात असं म्हटलंय: आकांक्षा, योग्यता, संनिधी. योग्यता म्हणजे अर्थाला बाध न येणं. ‘अग्नीने शिंपावे’ म्हटलं तर योग्यता नाही, कारण आगीने शिंपता येत नाही. दुकानाच्या पाटीवर ‘शुद्ध गाईचे तूप’ वाचणारा फसत नाही तो योग्यतेमुळे. गाय शुद्ध-अशुद्ध नसते हे त्याला ठाऊक असतं, मन आपोआप ‘शुद्ध’ला तुपाकडे ढकलतं. पण ‘आजारी शेतकऱ्याचा बैल’मध्ये शेतकरीही आजारी पडतो आणि बैलही. तिथे योग्यता हात वर करते.

संनिधी म्हणजे मूळ अर्थाने पदं विलंब न लावता एकामागून एक उच्चारणं. शेजारपणाचा नियम म्हणून ती सरसकट वापरू नये, पण जे शब्द एकमेकांचे आहेत त्यांच्यात अंतर पडू देऊ नये ही जाणीव तिच्यात आहेच. परीक्षेपुरतं: योग्यतेने अर्थ लागतो म्हणून वाक्य निर्दोष ठरत नाही. प्रश्न ‘कळतं का’ असा नसतो.

---

म्हापशेकार
गुरुवार, सकाळी ७:५०

‘फक्त’ राहिलं. ‘फक्त सोमवारी दुकान बंद राहील’ आणि ‘सोमवारी फक्त दुकान बंद राहील’. पहिल्यात बाकी दिवस उघडं. दुसऱ्यात सोमवारी दुकान बंद, पण घरपोच माल चालू असेल. ‘फक्त’ ज्याच्या पुढ्यात बसतं त्यालाच धरतं. ‘च’ उलट, मागून चिकटतो: मीच पत्र लिहिलं, मी पत्रच लिहिलं, मी पत्र लिहिलंच.

आणि ‘सर्व विद्यार्थी उत्तीर्ण झाले नाहीत’ हे वाक्य पर्यायांत दिसलं तर सावध. एकही झाला नाही, की काही राहिले? ‘एकही विद्यार्थी उत्तीर्ण झाला नाही’ किंवा ‘सगळेच विद्यार्थी उत्तीर्ण झाले असे नाही’, यांपैकी काय म्हणायचंय ते लिहावं.

---

गोदाकाठ
गुरुवार, रात्री १०:३०

इतकं सगळं मिळेल असं वाटलं नव्हतं. वही काढून बसले, स्वतःच वाक्यं केली. तपासाल का?

‘सभागृहात शिरून दिवे गेले.’ चूक. शिरणारा माणूस, गेले दिवे. दुरुस्ती: ‘आम्ही सभागृहात शिरताच दिवे गेले.’
‘दोर तुटून बादली विहिरीत पडली.’ बरोबर. दोर तुटतो, कुणी तोडत नाही.
‘औषध घेऊनही ताप उतरला नाही.’ बरोबर, ‘ही’ आहे.
‘प्रसिद्ध लेखकाच्या मुलीने भाषण केले.’ संदिग्ध. ‘प्रसिद्ध’ अविकारी आणि वर साखळीही आहे.
‘आईने मुलाला न जेवता झोपू दिले नाही.’ चूक. ‘न जेवता’ आईला लागू शकतं.
‘मी त्याला पळताना पाहिले.’ बरोबर.

---

निवृत्त_मास्तर
शुक्रवार, सकाळी ८:१५

पहिली चार अचूक. शेवटच्या दोन उलट्या झाल्या.

‘न जेवता’ हे ‘झोपू’च्या अगदी पुढ्यात आहे. झोपणारा मुलगा, म्हणून न जेवणाराही मुलगाच. आई मधे नुसती अडवणारी आहे. कुठलाही मराठी माणूस ते मुलालाच लावेल, वाक्य बरोबर आहे.

‘मी त्याला पळताना पाहिले’ मात्र खरंच दोन तोंडांचं आहे. मी पळत होतो की तो? ‘-ताना’ कर्त्यालाही लागतं आणि ज्याला पाहिलं त्यालाही. म्हणून ‘तो पळत असताना मी त्याला पाहिले’ किंवा ‘मी पळत असताना त्याला पाहिले’, दोघांपैकी एक निवडावं लागतं. पाहणे, ऐकणे, पकडणे, गाठणे या क्रियापदांशेजारी ‘-ताना’ दिसलं की समज, परीक्षक तिथेच उभा आहे.

---

सांगलीची_हळद
शुक्रवार, दुपारी १२:४०

सर, ‘पूर येऊन’ आणि ‘गुरुजी येऊन’ ही जोडी मी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवली. आधीचा नियम खोडला नाही, त्याच्यापुढे ‘ठरवून केलेल्या क्रियेला’ असं जोडलं. ताई, मी तुम्हाला चूक म्हटलं त्याबद्दल माफ करा. आणि त्या सराव परीक्षावाल्यांना कळवाच. आयोग निदान पहिली उत्तरतालिका लावून हरकती मागवतो, मग अंतिम तालिका काढतो. खासगी परीक्षेत कुणी न कळवल्यास तेच स्पष्टीकरण पुढच्या तुकडीच्या हातात जाईल.

---

गोदाकाठ
शुक्रवार, रात्री ९:२०

हळददादा, माफी कशाला, तुम्ही विचारलं म्हणून तर पुराचं वाक्य निघालं. त्यांना सविस्तर मेल केला आहे, मास्तरांची चारही कामं उदाहरणांसकट लिहिली. उत्तर अजून आलं नाही.

आज संध्याकाळी आजीला फोन केला होता. ती शाळेत कधी गेलेली नाही. तिला म्हटलं, मी एक वाक्य म्हणते, बरोबर वाटतं का सांग. ‘गुरुजी वर्गात येऊन मुलं गप्प झाली.’ ती लगेच म्हणाली, “येऊन नाही गं, आल्यावर.”

मग म्हटलं, ‘वीज पडून बैल मेला.’

ती घाबरून म्हणाली, “कुनाचा?”